वाघूर पुरेना

सिदूची वाघूर तिसऱ्या दिवशीही पुरेना, तेव्हा बबितानं आधी बापाचीच थट्टा केली. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती मेखा ठोकून लावायची जाळी. उमापूरच्या शिवारात दरसाल ती लावून वर दोन हात उरायची. यंदा मेंढरं तीच, मेखा तेवढ्याच, आणि तोंडाशी दोन माणसं निजतील एवढी फट. परवा त्याच फटीतून लांडग्यानं कोकरू उचललं होतं.

"आबा, तुमचा घेर वाढलाय."

"म्या न् तुझ्या मायनं लग्नाच्या साली इनली ही. किती इनली ते मला ठावं हाय. उरायलाच पायजे."

शिकलेली पोर ती, ऐकेल तर शपथ! बीएस्सी झालेली, उद्या पुण्याला पुढचं भौतिकशास्त्र शिकायला निघालेली. तिनं दोरी घेऊन मेखेपासून मेखेपर्यंत मोजलं. जाळी कमीच भरली. तिला हसू फुटलं.

"आबा, आभाळाचंबी आसंच झालंय! विश्व फाकत चाललंय, पर किती वेगानं? सुरुवातीच्या उजेडावरून हिशेब मांडला की एक आकडा येतो. जवळच्या ताऱ्यांपासून मोजत लांब गेलं की त्याहून जास्त येतो."

"मग चूक कुणाची?"

"सापडंना. कुणी म्हणतं मोजण्यातच खोट हाय. कुणी म्हणतं, सुरुवातीला आसं कायतरी होतं जे आपल्या हिशेबात न्हाई."

सिदू मेखेकडं बघत राहिला. "आपल्या सुरुवातीला तुझी माय होती."

माय कडूबाईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. बबिताचं हसू विरलं. "आपण न्हाई फाकत, आबा. दीर्घिका लांब जातात. जे एकमेकाला घट्ट धरून हाय, ते जागीच ऱ्हातं." शास्त्र खरंच होतं, पण ती ते स्वतःलाच जास्त बजावत होती. उद्यानंतर बाप एकटा ही फट कशी बुजवणार?

दिवस मावळला तशी दोघं फटीत आडवी झाली. एका मेखेला त्याचे पाय टेकलेले, दुसरीला तिचे, आणि मधे हातात हात. कालही त्यांनी फट अशीच बुजवली होती. आज बबितानं हात लांबवला, तर बोटांना नुसती माती लागली.

"आबा, पाय मेखेलाच हायत ना?"

"मेखेलाच हायत गं." आवाज बराच लांबून आला.

बबिता घाबरली, चांगलीच घाबरली. तिनं आपली मेख सोडली, सरपटत पुढं गेली आणि बापाचा हात घट्ट धरला.

पाठीमागं, तिनं सोडलेल्या मेखेकडं, मेंढरं एकदम उठून उभी राहिली.