कुरुंदा फाट्यावरची वाटणी

वाटणी झाल्यापासून सोमेश्वरची नट खोलायची गन पाईपाला नीट बसली नव्हती, आणि यात धाकट्या भावाचाच हात आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कुरुंदा फाट्यावरचं टायरचं दुकान बापानं, मसाजीनं टाकलेलं. आता त्याची दोन झाली होती. रस्त्याच्या या अंगाला थोरला सोमेश्वर, त्या अंगाला कुलदीप. भांडणाचं मूळ दोघांनाही धड सांगता आलं नसतं. एका ट्रकवाल्यासमोर कुलदीपनं थोरल्याच्या कामाची टर उडवली आणि थोरल्यानं त्याच्या मुस्कटात मारली, एवढं मात्र दोघांनाही लख्ख आठवत होतं.

दोन कॉम्प्रेसर होते आणि नट सोडवायच्या हवेच्या दोन गन. एक मसाजीची जुनी, इकडचीच. दुसरी परदेशी, हायवेचं काम संपवून गेलेल्या कंपनीच्या कॅम्पातून आणलेली. सोमेश्वरनं हट्टानं परदेशी मागून घेतली. वाटणीआधी मसाजीनं दोन्ही गन खोलून रॉकेलमध्ये धुतल्या. पाईप आणि गनला जोडणारी बोटाएवढी पितळी निपलं काढून पुसली आणि ज्याचं त्याचं सामान वेगवेगळ्या डब्यात भरलं. सोमेश्वरचा डबा रस्ता ओलांडून आणून दिला होता कुलदीपनं. आणला कसला, दुकानासमोर आदळला होता.

त्या डब्यातलं निपल गनमध्ये दोन-अडीच वेढे जायचं आणि अडकायचं. पान्यानं जोर लावला की आटे करकरायचे. हवा सोडली की फुसफुस सुरू. सोमेश्वर पांढरी टेप गुंडाळायचा, पुन्हा आवळायचा, आणि समोरच्या दुकानाकडं बघून शिव्या घालायचा.

"एकदा भाऊजींला विचारा की," त्याची बायको दिपाली म्हणायची. ती दुकानात त्याच्या बरोबरीनं राबायची. "त्यांच्याकडं काही बदलून गेलं असंल."

"गेलं न्हाई, त्यानं बदललं. मी त्याच्या दारात जावं म्हणून टपून राहिलाय त्यो. त्यापेक्षा दातानं नट खोलीन."

त्या दिवशी वसमतच्या मोंढ्यात हळद विकायला निघालेला ट्रक दुकानासमोर थांबला. मागचं आतलं चाक बसलं होतं. ड्रायव्हर घाई करत होता. सोमेश्वरनं जॅक लावला, टेपचे आणखी चार वेढे दिले आणि कॉम्प्रेसरची हवा नेहमीपेक्षा वाढवली, कारण नट गंजून घट्ट झाले होते. दिपाली पाईप चाकात अडकू नये म्हणून धरून उभी होती.

तिसऱ्या नटाला फटाक्यासारखा आवाज झाला. गनमधून निपल उपटून निघालं आणि पाईप डिवचलेल्या नागासारखा हवेत फिरू लागला. त्याचं पितळी टोक ट्रकच्या फळीवर आदळलं, तिथून उलटून दिपालीच्या भुवईवर बसलं. ती खाली बसली. बोटांमधून रक्त ओघळायला लागलं. सोमेश्वर गन हातात धरून नुसता बघत राहिला.

पाईप एकदम मऊ पडला. रस्त्यापलीकडून धावत येऊन कुलदीपनं कॉम्प्रेसरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला होता.

"डोळा फोडला असता तिचा," तो धापा टाकत म्हणाला. "जमत न्हाई तर धंदा काहून करतोस? वहिनी, चला, माही गाडी हाय."

"तिला हात लावायचा न्हाई!" सोमेश्वर ओरडला. "तुह्या गाडीत माही बायको बसणार न्हाई."

दिपालीनं रक्ताळलेला हात डोळ्यावर धरून नवऱ्याकडं बघितलं. शेवटी जाणाऱ्या एका टेम्पोला हात करून सोमेश्वर तिला वसमतच्या दवाखान्यात घेऊन गेला. डोळा वाचला होता, पण भुवईला टाके पडले. ट्रकवाल्याचं चाक मात्र कुलदीपनं बदलून दिलं, आणि ते कळल्यावर सोमेश्वरच्या अंगाचा आणखीच भडका उडाला.

परत आल्यावर दिपालीला घरी पोचवून त्यानं ते निपल खिशात टाकलं, मोठा पाना उचलला आणि रस्ता ओलांडला. वाटणीनंतर पहिल्यांदाच.

कुलदीप टायरला ठिगळ लावत होता. पाना बघून तोही लोखंडी पहार घेऊन उभा राहिला.

"डबा कोणी आणला व्हता?" सोमेश्वरनं विचारलं.

"मी."

"माहं निपल बदललंस. बोल, का न्हाई? माणूस मेलं असतं आज!"

"मी बदललं?" कुलदीप कडवट हसला. त्यानं स्वतःची गन उचलून भावाच्या छातीवर जवळजवळ फेकलीच. "हे बघ. डोळे उघडून बघ."

जुन्या गनच्या तोंडाशी टेपचा मोठा बोळा होता. त्यावर गळती शोधायला लावलेल्या साबणाच्या फेसाचे डाग. त्याचंही गळतच होतं.

"मला वाटत व्हतं तूच आबाला सांगून माहं निपल बदललं," कुलदीप म्हणाला. "म्हणून तर तुह्यावरच उलटलेला तमाशा बघत बसलो. फुसफुस इथवर ऐकू यायची. बरं वाटायचं."

सोमेश्वरनं पाना खाली ठेवला. त्या गनचं निपल सोडवलं, टेप खरवडून काढली आणि खिशातलं निपल तिथं लावलं. नुसत्या बोटांनी फिरवताच ते लोण्यासारखं आत गेलं. दिसायला दोन्ही जुळी होती, आटे मात्र वेगळे: एकाचे इकडचे, एकाचे परदेशी.

कुलदीपनं पहार भिंतीला टेकवली. निपलं काढून डबे भरणारा माणूस एकच होता.

मसाजी दुकानामागच्या सोमेश्वरच्या घरी ओसरीवर बसला होता. शेजारी पट्टी बांधलेली दिपाली. दोन्ही पोरं एकत्र येताना दिसली तसा म्हातारा उजळला. पण त्यांची तोंडं बघून त्याचा चेहरा उतरला.

"आबा, ह्ये तुमी केलं?" सोमेश्वरनं दोन्ही निपलं समोर धरली.

म्हाताऱ्यानं नकार दिला नाही. "एकाचं दुसऱ्याकडं असलं म्हंजे कवा ना कवा एकमेकाच्या दारात जासाल, असं वाटलं. त्या निमित्तानं बोलसाल. लेकराहो, मला काय ठावं असं व्हईल..."

"तुमाला ठावं न्हाई?" दिपालीचा आवाज चढला. सासऱ्यापुढं ती पहिल्यांदाच अशी बोलत होती. "सारी उमर हवेचं काम केलं तुमी, मामा. आटे न्हाई जुळले तर काय व्हतं, तुमाला ठावं न्हाई? रोज ती फुसफुस ऐकत बसला व्हता न्हवं हितं? पोरं काही बोलंनात, तर तुमी तरी तोंड उघडायचं!"

मसाजीनं मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, आता कुणी तरी म्हणेल, जाऊ द्या. कुणी म्हणालं नाही.

सोमेश्वरनं कुलदीपच्या वाटचं निपल त्याच्या पायाशी टाकलं. कुलदीपनं ते उचलून पुसलं.

"आता परत माह्या दारात पाना घेऊन आलास तर पाय मोडीन," तो म्हणाला.

"तू यायची हिंमत कर फकस्त," सोमेश्वर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गन पहिल्यांदा बिनआवाज बसली. सोमेश्वर ट्रॉलीचं चाक खोलत असताना मसाजी कापडी पिशवी घेऊन फाट्यावर आला. शिरड शहापूरला दिलेल्या लेकीकडं, मिनाकडं निघाला होता. एका दुकानासमोर थोडा थांबला, मग दुसऱ्याकडं वळून बघितलं. दोन्हीकडच्या गन थांबल्या होत्या. सोमेश्वरच्या तोंडाशी हाक आली होती; समोर कुलदीपही उठून उभा राहिलेला त्याला दिसला. भावाला बघताच सोमेश्वरनं हाक गिळली. पहिला मी का म्हणून? समोरच्याच्या डोळ्यातही तेच असावं, कारण तोही हलला नाही.

बस आली. कंडक्टरनं म्हाताऱ्याला हाताला धरून वर घेतलं. बस वळणाआड जाईपर्यंत दोघं भाऊ आपापल्या जागी उभे होते. मग कुलदीपची गन वाजू लागली, तसं सोमेश्वरनंही मान खाली घालून पुढचा नट धरला.