माझ्या कडेचा खळगा

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. टेलरमास्तरांच्या दुकानात कापड बेतायला सुताराने मला बनवलं, तेव्हा माझ्या चारही कडा सरळ होत्या. मास्तरांचं पोट मात्र सरळ नव्हतं. तीस वर्षं ते एकाच कडेला टेकून कात्री चालवत राहिले आणि तिथे ओंजळभर खळगा पडला. गिऱ्हाइकं म्हणत, "मास्तर, टेबलानेच तुमचं माप घेतलं की!"

इतर टेलर रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे येणारं माणूस दिसतं. आमचे मास्तर रस्त्याला पाठ करून उभे राहत. कारण मागच्या भिंतीशी धाकटी लेक वहीत डोकं खुपसून बसलेली असे. दोन कापांमागे एकदा ते तिच्याकडे बघत. दारात कोणी खोकलं की वळत. पोरीची मानही नेमकी त्याच खोकल्याने वर होई. तिला दिसे ती बापाची पाठ.

मास्तर गेले, दुकान गेलं. लेक आता कादंबऱ्या लिहिते. लिहायला तिने मला घरी आणलं, तेव्हा मी केवढा फुशारलो! पण पहिल्याच आठवड्यात सुतार आला.

"इथे कोपर घसरतं हो," ती म्हणाली.

चारही कडांवर रंधा फिरला. खळगा भुसा होऊन केरात गेला. त्या गडबडीत मला इतकं फिरवलं, की कुठली कड कुठली हे मलाच ठाऊक राहिलं.

आणि मग बाई माझ्यापाशीच बसून आठवणी शोधू लागल्या! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आजच्या कादंबरीत माणूस घडतो तो जागेतून आणि आठवणीतून." वा! जागा आधी तासून काढायची, मग आठवणीला हाका मारायच्या.

तिच्या नव्या कादंबरीतली मुलगी जन्मभर कुढते, कारण तिचा बाप सदा रस्त्याकडे बघत असे. थोरल्या भावाने हस्तलिखित वाचलं आणि चष्मा काढला.

"काहीतरीच काय लिहिलंयस! बाबा तुझ्याकडे तोंड करून उभे राहायचे."

"दादा, मला त्यांची पाठ आठवते."

"अगं, उन्हाने फिकट झालेले हे दोन पाय रस्त्याकडचे. यांच्याच वर खळगा होता. हात फिरव."

तिने हात फिरवला. कड गुळगुळीत.

"खळगा पलीकडे होता, दादा."

मी किती करकरलो! तिने माझ्या पायाखाली पुठ्ठा सारला. मग सुताराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, दोन वर्षं झाली. खळगा होता खरा, पण कुठल्या कडेला ते कसं सांगू? भुसा कोणी जपून ठेवतं का?"

"तुझं आठवणं तुझ्यापाशी," भाऊ निघताना म्हणाला, "पण बाप माझाही होता."

प्रकाशकाला घाई होती. हस्तलिखित तसंच गेलं.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा. फक्त रंधा मारण्याआधी ती कशाने झिजली, एवढं कोणाला तरी विचारा. ज्या कडेला टेकून एक माणूस वर्षानुवर्षं लेकीकडे बघत राहिला, त्याच कडेवर कोपर ठेवून तिने लिहिलं आहे, 'बाबांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नाही.'