माझ्या अंगावरची पावलं

मी भिंत बोलतेय. पोखर्णीतल्या धुरपताबाईच्या अंगणाकडची. आहे मातीची, पण दर सणाला पांढऱ्या मातीचा हात फिरतो माझ्यावर, म्हणून थोडी तोऱ्यात असते.

शहाऐंशी साली धुरपताबाईच्या थोरल्या लेकाला, सूर्यभानला, व्यायामशिक्षक व्हायचं वेड लागलं. परभणीला निवड होती. तिथे हातांवर उलटं उभं राहून दहा आकडे मोजेपर्यंत टिकायचं, तेही आधाराशिवाय. आणि हा गडी रोज सकाळी माझ्या अंगावर तंगड्या टाकून मोकळा! टेकून शंभर आकडे टिकायचा. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शेजारचे माणिकराव जुने पैलवान. ते ओरडायचे, "आरं, आधी मनगटं कर, मंग खांदे. मंग पडायला शीक. पायाचं शेवटी बघू. तू भलतंच करायलायस!"

ऐकतो कोण?

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी नुकतीच सारवलेली, ओली. सूर्यभानला धीर कुठला? हात जमिनीवर टेकवून पावलापावलानं माझ्यावर चढला. उतरला तेव्हा माझ्यावर ठसेच ठसे. टाचा वर, बोटं खाली.

सकाळी दगडाबाई ताक मागायला आली आणि किंचाळलीच, "धुरपता, लक्ष्म्या माळवदावरून उतरून आल्या की गं!"

धुरपताबाईनं ठसे बघितले, मग लेकाचे पाय बघितले. ती तोंड उघडेपर्यंत हळदकुंकू वाहून झालं होतं आणि दारात बाया जमल्या होत्या.

"पावलं लय मोठी हायत," एक म्हणाली.

"यंदा लक्ष्मीच दांडगी हाय," दगडाबाई म्हणाली.

झालं! "आता हिला पाय लावशील तर तंगडं मोडीन," धुरपताबाईनं लेकाला बजावलं. निवडीला उरले होते वीस दिवस. सूर्यभान रडकुंडीला आला आणि मुकाट्यानं माणिकरावांकडे गेला. मनगटं झाली, खांदे झाले, मग कडब्यावर पडणं सुरू झालं. किती पडला बिचारा! माझा जीव तुटायचा, पण मला कुठं सरकता येतंय?

निवडीहून आला तो सरळ अंगणात. माझ्यापासून चार हात लांब उलटा उभा राहिला. आई मोजत होती. "नऊ... धा!" तो अलगद उतरला.

"घेतलं मला, आये."

धुरपताबाईनं डोळ्यांना पदर लावला. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. त्याला माझी गरज उरली नव्हती.

आता तो लांबच्या शाळेत शिकवतो. माझे पोपडे सुटलेत, पण सारवताना ती पावलं तेवढी सोडतात. धुरपताबाई रोज त्यांना हात जोडते. कुणाची आहेत, हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच जोडते.

तुम्हाला सूर्यभान कुठे भेटला तर एवढं सांगा. दगडाबाईची नजर चुकवून ये, आणि मी पडायच्या आधी एकदा मला लाथ घालून जा.