शिवकन्येची हाक

उमाजी मेंढपाळाच्या शिवकन्येनं वर्गात पाऊल टाकलं, की मागच्या बाकांवरून 'बेंऽऽ' सुरू व्हायचं. सुरुवात निकिताची, बाकीच्यांना निमित्तच हवं असायचं. गंमत अशी, की याच निकिताचे वडील बन्सीधर दरवर्षी गळ घालून उमाजीच्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घ्यायचे. कळप रात्रभर बसला की रानाला फुकटचं खत मिळतं. रानात चालणारा वास वर्गात मात्र लेकीच्या नाकाला झोंबायचा.

शिवकन्येनं ठरवून टाकलं होतं. उद्या कळप पाथरीकडे निघणार होता आणि शाळा सोडून तीही सोबत जाणार होती. वडिलांनी, आबांनी, होकार दिला होता. भक्ती मॅडमना तेवढं सांगायचं राहिलं होतं. मुलांच्या मनातलं ऐकायला त्या आठवड्यातून एकदा जिंतूरहून बोरीच्या शाळेत यायच्या.

ते ऐकून मॅडमनी थांब म्हटलं नाही, की उपदेशाचे डोस पाजले नाहीत. रिकाम्या वर्गाच्या खिडकीतून दिवाळीनंतरचं मऊ ऊन येत होतं.

"डोळे मिट," त्या म्हणाल्या. "जिथं तुला कुणाची भीती वाटत नाही, तिथं जाऊन ये."

ती गेली. ऊन पापण्यांतून आत पाझरलं. भिंती विरघळल्या, बाक विरघळले. सोयाबीन निघालेलं रान पसरत पसरत आभाळाला टेकलं आणि मेंढ्या त्यातून सावकाश वाहू लागल्या. तीही त्यांच्यात तरंगत होती, अंगाला वजनच नव्हतं. किती बरं वाटत होतं! कळप जरा लांब गेला, तशी गळ्यातून आपसूक हाक निघाली, "हुर्र्र, येऽऽ येऽऽ!"

हाक स्वप्नातली, पण घसा खराच होता. शाळेला लागूनच, बन्सीधरांच्या रानात, कळप दुपारचा विसावला होता. तिनं डोळे उघडले तेव्हा पडक्या कुंपणातून मेंढ्या मैदानात शिरत होत्या, धूळ उडवत, थेट तिच्या खिडकीकडे. वर्गावर्गांच्या दारांत पोरं बघत उभी होती. निकितासुद्धा. शिवकन्येला एकदम रडू आलं. आपल्या एका हाकेला एवढे जीव धावून येतात, आणि आपण एका 'बें'ला पळून चाललो होतो.

मागून धापा टाकत उमाजी आला. दफ्तर घे आणि आत्ताच चल, म्हणाला.

तिनं बाहेर येऊन कळप रानाच्या वाटेला लावून दिला आणि तिथूनच मागं फिरली.

"तुमी व्हा म्होरं, आबा. माझा गणिताचा तास हाय."

"आन् उद्या?"

"उद्या बी हाय. मी हितंच गावात आईपाशी ऱ्हाते."

ती वर्गात शिरली. मागून 'बेंऽऽ' आलंच, जरासं दबकं. शिवकन्या निकिताच्या बाकाशी थांबली.

"असं न्हाई, निकिता. अशानं कोकराची आई वळून बी बघायची न्हाई," ती म्हणाली. "शिकायचं असलं तर मधल्या सुट्टीत ये."