खुंटीवर राहिलेला बॅज

मित्रांनो, मी एक जुना, कडा घासलेला, किरण मोजणारा बॅज आहे. हायवेवरच्या कोहमारा गावातल्या एका छोट्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या समीक्षाताईंच्या छातीवर माझी जागा होती.

माझ्या आत कॅल्शियम सल्फेट या क्षाराच्या तीन पांढऱ्या चकत्या आहेत. क्ष-किरण लागले, की सल्फेटमधला एखादा इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे अर्धवट तुकडा उरतो. त्याला मूलक म्हणतात. दोघेही क्षारातच अडकून बसतात. प्रयोगशाळेत मला तापवलं, की ते पुन्हा एकत्र येतात आणि उजेड पडतो. जेवढा उजेड, तेवढे किरण. मग मी कोरा होऊन परत कामावर येतो.

२००८ साली प्रयोगशाळेचं पत्र आलं. माझा उजेड मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता. ताईंना तेव्हा पाचवा महिना होता. त्या पोटावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

फिल्म धुणारे दुधरामकाका म्हणाले, "एवढी घाबरून काऊन राहिली, माय? घरी जाताना तू बॅज शिशाच्या एप्रनवरच सोडून जाते, अन् एप्रन खुंटीवर. खुंटी तर मशीनीसमोरच हाय."

"रोज?"

"रोज नाही तं का! डबा मात्र कधी इसरत नाही. अन् तुझ्यामागं रातपाळीचा केवळराम एक्स-रे काढतेच. हायवेचे पेशंट का कमी हायेत?"

ताई हसल्या नाहीत. "मग अंगावर किती पडले आणि खुंटीवर किती, काका?"

ते मलाही सांगता येत नव्हतं. माझ्यात सगळा एकच उजेड.

ताईंनी आपली चूक कागदावर लिहून प्रयोगशाळेला कळवली आणि माझ्या जोडीला आणखी एक बॅज मागितला. काका म्हणाले, "बोलणी बसतील, माय."

"बसू द्या. मला लेकराचं कळलं पाहिजे."

महिनाभर मला मुद्दाम खुंटीवर ठेवलं. दुसरा बॅज ताईंनी एप्रनच्या आत, अंगावरच घातला, आणि घरी जाताना तो खोलीबाहेर काढून ठेवला. मग आम्हा दोघांना तापवलं. मी लखलखलो. तो मात्र जवळजवळ अंधारातच राहिला.

पत्र आलं तेव्हा ताईंनी ते स्वतः वाचलं आणि काकांच्या हातात दिलं. "मोठ्यानं वाचा. मला परत ऐकायचंय."

मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. पण मी जिथे असतो, तिथलंच सांगतो. म्हणून विनंती एवढीच, ज्याची काळजी आहे, मला त्याच्याच अंगावर ठेवा.