आकड्यांपुरती जागा

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं रुक्मा असं नाव लिहिलं गेलं आणि मी रुक्मा झाले. माहेरचं नाव सासरी कधी कोणी विचारलंही नाही. डी.एड.च्या कागदांवर मात्र मी अजून मनकर्णाच होते.

सत्त्याण्णव साली भैंशातल्या एका खासगी संस्थेला मराठी शाळेसाठी बाई हवी होती. मुलाखत छान झाली. नेमणुकीचं फोनवर कळवू म्हणाले. सासूबाईंना एवढ्यात सांगू नको, असं नवऱ्याचं म्हणणं.

मुलाखतीनंतर नंबर द्यायला गेले तर संस्थेच्या ऑफिसात नव्या कॉम्प्युटरला हार घातला होता आणि त्यापुढे बसलेल्या क्लार्क उत्तमरावांची ऐट नवरदेवाच्या वर होती. आमच्या गावात फोन एकच, सुधाकररावांच्या किराणा दुकानात. मी म्हटलं, "नंबराच्या म्होरं लिवा, बयनाबाईची सून रुक्मा, तिले बोलवा म्हना."

त्यांनी अक्षरं दाबली. कॉम्प्युटर नुसता टूं टूं करत राहिला.

"इथं आकडेच बसते, बाई."

"मंग कागदावर लिवून ठेवा."

"कॉम्प्युटर आल्यावर कागद कायले?" ते हसले. त्या हसण्याची चीड मला आजही येते.

कापूस वेचताना माझे कान दुकानाकडे असत. कोणी बोलवायला आलं नाही. शेवटी मीच भैंशाला गेले.

"फोन केला होता, दोन-तीनदा," उत्तमराव म्हणाले. "मनकर्णा नावाची कोनी नाही म्हने गावात. दुसरी बाई घेतली."

तशीच परत येऊन मी दुकान गाठलं.

"आला होता ना फोन," सुधाकरराव म्हणाले. "तुही सासू इथंच बसून होती. तिलेच इचारलं. अशी कोनी नाही म्हने."

घरी सासूबाई तूर निवडत होत्या. मी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, "दुकानात कोन्या मनकर्णाचा फोन येऊन राह्यला होता. नोकरी लागली म्हने तिले. गेली असंल बिचारीची."

"आत्याबाई, ते मीच."

त्यांचा हात सुपातच थांबला. मग त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला.

"तुहं असंबी नाव हाय, हे आधी सांगायचं नाही काय?"