श्याओमानची चुकीची उत्तरे

बालवाडीच्या पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन आत येई ते कसलीही घाई न करता. आधी ते कौलांच्या कडेवर रेंगाळे, मग अंगणातल्या लोकाटाच्या झाडाच्या पानांतून गाळून घेतल्यासारखे भिंतीवर उतरे. तिथे खुंट्यांवर मुलांचे इवले पंचे ओळीने टांगलेले असत आणि खाली फळीवर स्टीलचे मग पालथे घातलेले. एका मगाच्या बुडाशी उजेडाचा ठिपका उमटे, जरासा थरथरे आणि शेजारच्या मगाकडे सरके. दारात कुआंग बाई एकेका मुलाला ‘आ’ करायला लावून बॅटरीने घसा तपासत. तो पिवळा झोत या उन्हापुढे अगदीच पोरका दिसे. कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन युनशी हे सारे पाहत बसे. हानचोंगमधल्या अशा सकाळी त्याचे मन तुडुंब भरलेल्या, पण न हिंदकळणाऱ्या भांड्यासारखे असे.

शिआनच्या विद्यापीठाने त्याला इथे धाडले होते ते ‘नेहमी’, ‘बरेचदा’, ‘कधीकधी’ हे शब्द मुलांना कसे उमगत जातात ते पाहायला. उत्तरे चुकायची थांबली की काम संपले. मग डोंगर ओलांडून परत. तिकडे त्याला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. इथे फाटकात पाऊल पडताच ‘युनशी काका’ असा गलका उठे.

कालच विद्यापीठातल्या मार्गदर्शकांचा फोन आला होता. “मुलांचं अजून कच्चं आहे, सर,” तो म्हणाला होता. “श्याओमान म्हणून एक मुलगी आहे, तिचं तर रोज चुकतं.”

आज त्याने तिच्यापुढे आठवड्याच्या सात दिवसांची सात चित्रे मांडली. दोन चित्रांत माकड डंपलिंग खात होते, बाकीच्यांत नुसतेच बसलेले. हातातल्या कापडी बदकाच्या आवाजात तो म्हणाला, “माकड नेहमी डंपलिंग खातं! बरोबर की चूक?”

“बरोबर!” श्याओमान ठसक्यात म्हणाली.

“शाब्बास!” त्याच्या तोंडून निसटले. मग तो ओशाळून पुटपुटला, “म्हणजे... उद्या परत बघू हं.”

जेवणाआधी मुले हात धुवायला रांगेत उभी राहिली. पुढचा पेंगफेई छाती फुगवून म्हणाला, “मी नेहमी पहिला येतो शाळेत!”

“हॅट्! नेहमी म्हणे!” मागून श्याओमान कडाडली. “परवा आजीनं ओढत आणलं ना तुला? भोकाड पसरून! कधीकधी येतोस पहिला. तेही आजोबांच्या स्कूटरवरून आलास तर.”

साबण देणारा युनशीचा हात थबकला. कुआंग बाई तोंडाला पंचा लावून हसू लागल्या. “हीच ना हो तुमची कच्ची विद्यार्थिनी?”

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “श्याओमान, तुला येतं की गं सगळं. मग मला चुकीचं का सांगतेस?”

खुळ्याकडे पाहावे तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली. “बरोबर सांगितलं की तुझं तोंड एवढंसं होतं. चुकलं की हसतोस आणि म्हणतोस, उद्या परत बघू. हा पेंगफेई गेला ना बरोबर सांगून! बोलावलंस का त्याला पुन्हा बदकाशी खेळायला?”

“नाहीच बोलावलं,” पेंगफेई तक्रारीच्या सुरात म्हणाला.

“लावा आता सरांना फोन,” कुआंग बाई म्हणाल्या. “की मीच कळवू, परीक्षक नापास झाला म्हणून? पण आधी जेवा. भोपळ्याची पेज गार होतेय.”

तो मुलांमध्ये दाटीवाटीने बसून पोटभर जेवला. श्याओमानने आपल्या वाडग्यातला भोपळा, आवडत नसल्यामुळे, मोठ्या औदार्याने त्याला वाढला. मग अंगणात जाऊन त्याने फोन लावला.

“सर, श्याओमानला सगळं येतं. इथल्या सगळ्यांनाच येतं.”

“अरे वा! मग आता तिथं काय राहिलंय?”

काहीच राहिले नव्हते. पण त्याला परत जायचे नव्हते.